ई-मेल : साधा मजकूर व एचटीएमएल
ई-मेलचा मजकूर केवळ अक्षरचिन्हांत किंवा एचटीएमएल या, रंग, चित्रे व लिंक यांची मांडणी सांगणाऱ्या खुणांच्या भाषेत पाठविता येतो. ई-मेलच्या 1982 च्या मानकात 7 बिटांची आस्की चिन्हेच बसत असल्याने देवनागरीला थेट जागा नव्हती. 1992 च्या माइम मानकाने ती अडचण दूर केली आणि युनिकोडच्या प्रसारानंतर वर्ध्यात मराठीत लिहिलेला साधा मेलही विशिष्ट फॉन्टावाचून कोठेही वाचता येऊ लागला, त्यामुळे मराठीसाठी एचटीएमएल अपरिहार्य असल्याची समजूत निराधार ठरते. एचटीएमएलमध्ये लिंकचा दिसणारा मजकूर व त्यामागील खरा पत्ता भिन्न असू शकतात, आणि बँकेच्या नावाने होणारी फसवणूक याच फटीतून शिरते. शिवाय 2018 मध्ये उघड झालेल्या ‘ईफेल’ दोषामुळे एचटीएमएलमार्फत कूटबद्ध मेलचा उलगडलेला मजकूरही बाहेर जाऊ शकत होता. साध्या मजकुरात पत्ता उघड दिसतो, मात्र अटॅचमेंटचा धोका तेथेही उरतो.