समुद्रावरच्या पांढऱ्या रेघा

आपल्याकडे ढगाकडे नजर जाते ती पावसासाठी. आज ज्या ढगांची हकिकत सांगणार आहे, ते पावसाच्या बाबतीत मोठे कंजूष. कॅलिफोर्निया, पेरू, नामिबिया यांच्या किनाऱ्यापुढे थंड समुद्रावर ते गोधडीसारखे बुटके पसरलेले असतात. पडली तर भुरभुर. पण पृथ्वीचा सुमारे पाचवा हिस्सा असल्या ढगांखाली असतो. ऊन परतवून ते समुद्रावर सावली धरतात. ही सावली किती दाट, हे कसे मोजायचे?

१ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने टायरॉस-१ हा पहिला हवामान-उपग्रह सोडला. त्यावर दूरचित्रवाणीचे दोन कॅमेरे होते. तो चालला अवघे ७८ दिवस. ढग कुठे आहे ते त्याच्या चित्रांवरून कळे. ढगाच्या पोटात काय आहे, ते कळत नसे.

पुढे टायरॉस मालिकेच्या चित्रांत समुद्रावर लांबच लांब पांढऱ्या रेघा दिसू लागल्या. आता ढग काय पट्टी धरून रेघ ओढतो? १९६६ साली जॉन कॉनोव्हर यांनी तर्क मांडला, की खालून आगबोटी जात असाव्यात आणि त्यांच्या धुराड्यांतला धूर ढगात शिरत असावा. तर्क खरा निघाला.

कारण असे, की ढगातला थेंब जमायला सूक्ष्म कण लागतो. धुराने कण वाढले, की तेवढेच पाणी जास्त थेंबांत वाटले जाते आणि थेंब बारीक होतात. खडीसाखर कुटून पाहा. साखर तेवढीच, पण पीठ कसे पांढरेशुभ्र दिसते! ढगाचेही तसेच होते, हे शॉन टूमी यांनी १९७४ साली मांडले.

मग थेंब मोजण्याची युक्ती सापडली. साधा प्रकाश पाणी फारसे शोषीत नाही, म्हणून त्यातल्या उजळपणावरून ढगाचा दाटपणा कळतो. अवरक्त प्रकाशातला एक भाग मात्र पाणी शोषते, आणि मोठा थेंब जास्त शोषतो. त्या प्रकाशात ढग काळसर दिसला, तर थेंब मोठे. दोन्ही मापे जुळवली, की ढगात पाणी किती तेही निघते: बऱ्याचदा चौरस मीटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्धा पेला! तेरुयुकी नाकाजिमा व मायकेल किंग यांनी ही रीत १९९० साली नीट बांधून दिली.

तिची परीक्षाही झाली, आणि मला तीच गोष्ट मोलाची वाटते. जुलै १९८७ मध्ये कॅलिफोर्नियापुढे एक विमान ढगांच्या वरून उडत प्रकाश मोजत होते, दुसरे ढगात शिरून थेंब मोजत होते. दोघांचा हिशेब जुळेना. वरून काढलेले थेंब मोठे भरत. थोडे कारण समजण्यासारखे होते: वरून दिसतो तो ढगाचा माथा, आणि थेंब माथ्याकडेच मोठे असतात. पण सगळी तफावत एवढ्याने भरून निघाली नाही. शास्त्रज्ञांनी ती दडवली नाही, १९९१ साली छापली.

डिसेंबर १९९९ मध्ये टेरा उपग्रह ३६ पट्ट्यांत प्रकाश मोजणारे मोडिस हे उपकरण घेऊन वर गेला, आणि ही मापे रोजची झाली.

१ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली. बंदरांजवळ राहणाऱ्यांच्या छातीला ते बरेच झाले. पण समुद्रावरच्या रेघा झपाट्याने विरळ झाल्या. सावली घटल्यामुळे समुद्र किती जास्त तापला, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे.