सेंट पीटर रस्त्यावरची बैठक

जाझ म्हटले की आपल्याकडे हॉटेलातला नाच आणि फेसाळणारे पेले डोळ्यांपुढे येतात. पण वाचकहो, मी सांगतो आहे ती बैठक निराळी. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी सेंट पीटर रस्त्यावरच्या ७२६ क्रमांकाच्या जुनाट घरात ती भरते. नाव प्रिझर्वेशन हॉल.

१९५० नंतर तिथे लॅरी बोरेनस्टाइन यांचे चित्रांचे दुकान होते. दुकान टाकून वादन ऐकायला जाता येईना, म्हणून त्यांनी वादकांनाच बोलावून घेतले. जाझ जन्मले ते याच शहरात. पण नव्या गाण्यांच्या लाटेत जुन्या वादकांना कोणी विचारीना. क्लॅरिनेटवाला जॉर्ज लुईस याने बंदरावर हमाली केलेली. कॉर्नेट वाजवणाऱ्या डी डी पियर्सची दृष्टी गेलेली. फड मोडल्यावर गावी परतलेला आपला एखादा ढोलकीवाला आठवावा, तशी ही माणसे.

१९६१ साली रसिकांच्या एका मंडळाने तिथे रीतसर बैठका सुरू केल्या आणि त्याच वर्षी कारभार ॲलन व सँड्रा जाफी या तरुण दांपत्याकडे आला. मद्य नाही, ध्वनिक्षेपक नाही. चार बाकडी, उरलेल्यांनी जमिनीवर बसावे. त्या काळी दाराशी टोपली असे, तीत यथाशक्ति नाणे टाकायचे. फर्माइशीचे दर मात्र पाटीवर लिहिलेले, आणि सर्वांत महाग ती सर्वांत लोकप्रिय चीज! तीच ती वाजवून वादक किती कंटाळले असतील, हे त्या दरावरून ओळखावे.

एवढ्यावर भागत नव्हते. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र वाजवणे, एकत्र बसून ऐकणे त्या राज्यात कायद्याने निषिद्ध होते. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला. त्याच्या आधीच या खोलीत ती शिवाशिव पुसली जात होती. पोलिसांचे भय पत्करून पुसली जात होती, हे महत्त्वाचे.

१९६७ साली पियानो वाजवणाऱ्या स्वीट एमा बॅरेट यांना अर्धांगवायू झाला. डावा हात गेला; बाई उजव्या हाताने वाजवीत राहिल्या. १९८७ साली ॲलन वारले. पुढे मुलगा बेन याने धुरा घेतली. २००५ च्या कत्रिना वादळाने शहर बुडवले, तरी बैठक मोडली नाही. २०११ साली प्रतिष्ठान स्थापन झाले. ते नफ्यासाठी नाही. मुलांना वादन शिकवते, वृद्ध कलावंतांना आधार देते.

मास्तर म्हणून मला वाटते, कला जपायची तर तिला काचेच्या कपाटात ठेवून भागत नाही. म्हाताऱ्याला मानाचे आसन आणि पोराला हाती वाद्य, एवढे ज्या गावी मिळते, तिथे ती आपोआप नांदते.