फळतोडणी : मजुरीपासून सहलीपर्यंत
(इंग्लंडमधील ‘स्वतः तोडा’ शेते आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी)

प्रस्तावना

जेन ऑस्टेन या इंग्रज कादंबरीकर्त्रीची ‘एमा’ ही कादंबरी डिसेंबर १८१५ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाली. डॉनवेल ॲबी या इस्टेटीच्या बागेत स्ट्रॉबेरी तोडण्यासाठी जमलेल्या मंडळींचा एक प्रसंग तीत आहे. मिसेस एल्टन ही बाई मोठी टोपी आणि टोपली घेऊन सर्वांच्या पुढे असते. आरंभी ती या फळाची तोंडभरून स्तुती करते. पण वाकून वाकून कंबर भरून येते, ऊन चढते आणि अर्ध्या तासाने ती सावली शोधू लागते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८१७ मध्ये, सर रिचर्ड फिलिप्स यांचे लंडन ते क्यू या पायी प्रवासाचे वर्णन प्रकाशित झाले. लंडनच्या पश्चिमेकडील बागांतून स्ट्रॉबेरीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन कॉव्हेंट गार्डनच्या बाजारापर्यंत चालत जाणाऱ्या स्त्रियांची त्यात नोंद आहे. या स्त्रिया श्रॉपशर आणि वेल्समधून हंगामापुरत्या येत. आयलवर्थसारख्या गावापासून बाजार सुमारे १० मैलांवर होता. गाडीच्या धक्क्यांनी नाजूक फळ चेंगरत असल्याने ते माणसाच्या डोक्यावरून नेणेच सोयीचे ठरे.

एकच फळ, एकच हंगाम आणि जवळजवळ एकच दशक. तरीही एका ठिकाणी तोडणी हा विरंगुळा आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ती पोटाची सोय आहे. आज अनेक देशांत शहरी कुटुंबे रविवारी शेतावर जाऊन, पैसे मोजून, स्वतःच्या हाताने फळे तोडतात. या सहलीकडे पर्यटनाचा एक प्रकार म्हणून पाहण्याची सवय झालेली आहे. प्रस्तुत लेखात तिचा विचार श्रमाच्या इतिहासाच्या अंगाने केला आहे. तोडणी करणारा मजूर मिळेनासा झाला तेव्हाच शेताचे फाटक ग्राहकासाठी उघडले, असे इंग्लंडच्या उदाहरणावरून दिसते. महाबळेश्वरच्या पठारावर मात्र हा क्रम तसा नाही.

फळ आणि त्याचे स्वभावधर्म

आज बाजारात मिळणारी मोठी स्ट्रॉबेरी ही निसर्गतः आढळणारी जात नव्हे. फ्रेझिये या फ्रेंच अधिकाऱ्याने १७१४ मध्ये चिलीहून आणलेली रोपे आणि उत्तर अमेरिकेतील जात यांच्या संकरातून ती अठराव्या शतकात युरोपात निर्माण झाली. तिचे दोन गुण येथे ध्यानात घ्यावे लागतात. पहिला असा की, आंबा किंवा केळे यांप्रमाणे ती तोडल्यानंतर पिकत नाही. तोडल्यावर रंग थोडा गडद होईल, पण गोडी वाढणार नाही. दूरच्या बाजारासाठी तोडायची तर ती पूर्ण लाल होण्याआधी तोडावी लागते, म्हणजे वाहतूक सोसण्यासाठी गोडीचा काही अंश गमवावा लागतो. झाडावर पूर्ण पिकलेले फळ खावयाचे असेल तर खाणाऱ्यालाच झाडापाशी जावे लागते. दुसरा गुण असा की, सर्व फळे एकदम पिकत नसल्याने एकाच ओळीत पुन्हा पुन्हा तोडणी करावी लागते आणि प्रत्येक फळ हिरव्या निदलपुंजासह, देठ नखाने खुडून वेगळे करावे लागते. ओढले तर फळ चिरडते किंवा रोप हलते. त्यामुळे हे पीक दीर्घकाळ यंत्राला दाद देत नव्हते. ते मनुष्यबळावर, त्यातही स्त्रिया आणि मुले यांच्या श्रमावर उभे राहिले.

हंगामी श्रमाची इंग्रजी परंपरा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने फळशेतीचे क्षेत्र लंडनपासून दूरवर पसरविले. हॅम्पशरमधील स्वॉनिक येथे १८८९ मध्ये उघडलेल्या स्थानकावरून स्ट्रॉबेरी मोठ्या प्रमाणात बाहेर जाऊ लागली. याच सुमारास मुरंब्याचे कारखाने वाढले. टिपट्री येथील विल्किन कुटुंबाचा कारखाना १८८५ चा आहे. मागणी वाढली तशी हंगामी मजुरांची गरजही वाढली.

या मजुरांचे सर्वांत ठळक चित्र केंट परगण्यातील हॉप्सच्या तोडणीत दिसते. हॉप्स हे खाण्याचे फळ नव्हे, बिअरला कडवटपणा आणणारी ती वेलीवरील शंकूसारखी फुले होत. परंतु तोडणीच्या सहलीचे मूळ शोधताना त्यांना वगळता येत नाही. दर सप्टेंबरमध्ये लंडनच्या पूर्व भागातील गरीब कुटुंबे भांडीकुंडी, अंथरुणे आणि मुले घेऊन, पहाटे सुटणाऱ्या स्वस्त खास गाड्यांनी केंटला जात. शेतावरील झोपड्यांत तीन-चार आठवडे मुक्काम करीत आणि मापाने मजुरी घेत. शाळांतील हजेरी या काळात रोडावे. जॉर्ज ऑर्वेल १९३१ मध्ये अशा मजुरांबरोबर राहिला आणि १९३५ च्या ‘अ क्लर्जीमन्स डॉटर’ या कादंबरीत त्याने तो अनुभव वापरला. मजुरी तुटपुंजी, निवारा कच्चा आणि बोटे काळी पडलेली, असा तो सारा प्रकार होता.

तरीही या कुटुंबांच्या आठवणींत हे आठवडे ‘सुट्टी’ म्हणूनच राहिले. धुराने भरलेल्या वस्तीबाहेर पडण्याची वर्षातील ती एकमेव संधी होती, आणि तिचे पैसे द्यावे लागत नसून उलट मिळत होते. श्रम आणि विरंगुळा यांची सरमिसळ अशी फार जुनी आहे. मात्र ती गरिबांच्या बाजूने पाहिली तरच नीट दिसते. १९५० नंतरच्या दशकात तोडणीयंत्रे आली आणि १९६० च्या दशकात ही वार्षिक यात्रा जवळजवळ संपली.

मधल्या काळात युद्धाने आणखी एक बदल घडविला. दुसऱ्या महायुद्धात शेतीला माणसे मिळेनात. १९३९ मध्ये स्त्रियांची भूसेना पुन्हा उभारली गेली. शिवाय शहरी नोकरदारांनी आपली सुट्टी शेतावरील स्वयंसेवी शिबिरांत घालवावी, असे आवाहन सरकारने भित्तिपत्रकांद्वारे केले. येणाऱ्याला अल्प मजुरी मिळे आणि राहण्याखाण्याचा खर्च तो स्वतः देई. कारकून, शिक्षक, विद्यार्थी अशा मध्यमवर्गीयांना बटाटे काढणे आणि फळे तोडणे ही ‘सुट्टी’ वाटू शकते, याची ही पहिली मोठी चाचणी होय, असे म्हणता येईल.

येथे कायद्याच्या एका बाजूचाही उल्लेख करावयास हवा. कापणीनंतर शेतात पडलेले धान्य वेचण्याचा, म्हणजे आपल्याकडील सरव्याचा, गरिबांचा हक्क इंग्लंडमध्ये रूढीने मानला जाई. स्टील विरुद्ध हॉटन या १७८८ च्या खटल्यात न्यायालयाने हा सामान्य कायद्याने मिळणारा हक्क नसल्याचा निर्णय दिला. दुसऱ्या बाजूला, रानातील फळे विक्रीसाठी नव्हे तर स्वतःसाठी तोडणे ही चोरी नव्हे, असे १९६८ च्या चोरीविषयक कायद्याने स्पष्ट केले. म्हणून कुंपणावरची रानटी ब्लॅकबेरी आजही इंग्रज कुटुंबे फुकट तोडतात. लागवडीच्या फळाला मात्र मालकाची परवानगी आणि तराजू लागतो.

‘स्वतः तोडा’ शेतांचा उदय आणि ओहोटी

अमेरिकेत मंदीच्या आणि युद्धोत्तर काळात फळांचे भाव मजुरी, खोकी आणि वाहतूक यांच्या खर्चालाही पुरेनात, तेव्हा काही बागाईतदारांनी ग्राहकांना थेट शेतात येऊ दिले. मेक्सिकन मजुरांना तात्पुरते आणण्याची १९४२ पासूनची ब्रासेरो योजना १९६४ मध्ये बंद झाली. १९७६ मध्ये तेथील संघराज्य सरकारने उत्पादक-ग्राहक थेट विक्रीस उत्तेजन देणारा कायदा केला.

इंग्लंडमध्ये ही पद्धत १९६० च्या दशकात रुजली. डर्बीशरमधील शेतकरी आणि नभोवाणी-दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय वक्ता टेड मोल्ट हा तिच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांपैकी होता. १९७० च्या दशकात तिला भर आला. त्यामागे अनेक कारणे एकत्र आली होती. साखरेवरील नियंत्रण १९५३ मध्ये उठले होते आणि घरी मुरंबा करण्याची सवय टिकून होती. मध्यमवर्गाच्या दारात मोटार आली होती. काही घरांत फ्रीझर आला होता. म्हणजे कुटुंब शेतावर जे तोडे ते त्याच दिवशी खाण्यापुरते नसे, वर्षाची बेगमी असे. आजच्या डबीभर फळांच्या सहलीहून ही गोष्ट वेगळी होती, हे बहुधा विसरले जाते.

शेतकऱ्याचा हिशेब साधा होता. तोडणी, भरणी आणि वाहतूक हे स्ट्रॉबेरीच्या खर्चातील मोठे भाग त्याने ग्राहकावर टाकले, तेही ग्राहकाकडूनच पैसे घेऊन. त्याबदली तुडवलेले वाफे, अर्धवट तोडलेल्या ओळी आणि तराजूवर कधीच न येणारी, पोटात गेलेली फळे त्याने सोसली. पावसाचा एक रविवार त्याचा आठवडा बुडवू शके. मजुरीचा प्रश्न अशा रीतीने सुटला नाही. तो केवळ ताळेबंदातून बाहेर गेला.

पुढे ओहोटी लागली. सुपरमार्केटांत फळे दीर्घकाळ मिळू लागली, स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरी करू लागल्या आणि मुरंबा विकत आणणे सोपे झाले. १९९४ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधील मोठी दुकाने रविवारी उघडण्यास मुभा मिळाली, तेव्हा शेताचा रविवारही त्यांच्याशी स्पर्धेत आला. उरलेल्या शेतांनी खेळाची जागा, चहापानगृह, भोपळ्यांचा हंगाम यांची जोड दिली. फळ दुय्यम झाले आणि ‘दिवस घालविणे’ हीच विक्रीची वस्तू बनली.

व्यापारी तोडणी या काळात परदेशी हातांनी चालू राहिली. हंगामी कृषी कामगारांची युद्धोत्तर योजना २०१३ च्या अखेरीस बंद झाली आणि २०१९ मध्ये नव्या स्वरूपात सुरू झाली. २०२० च्या महासाथीत बाहेरचे मजूर येणे कठीण झाले, तेव्हा ‘पिक फॉर ब्रिटन’ या मोहिमेद्वारे सरकारने देशवासीयांना तोडणीस बोलावले. २०२१ मध्ये ती गुंडाळण्यात आली. रविवारी पैसे देऊन वाकणारी कंबर सोमवार ते शनिवार, पहाटेपासून, मजुरीवर वाकण्यास तयार नव्हती. यात इंग्रजांच्या आळसाचा दोष शोधण्याचे कारण नाही. दोन्हींत हालचाल तीच असली तरी एकीत थांबण्याची मुभा असते, दुसरीत नसते. मिसेस एल्टनला अर्ध्या तासाने सावलीत जाता आले होते.

महाबळेश्वरचे पठार

सर जॉन माल्कम या मुंबईच्या गव्हर्नरच्या पुढाकाराने १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर येथे युरोपीयांसाठी आरोग्यस्थान वसले; माल्कम पेठ हे नाव त्याची खूण आहे. स्ट्रॉबेरी या वसाहतीबरोबर एकोणिसाव्या शतकात आली आणि दीर्घकाळ साहेबांच्या टेबलावरचे बागेतील फळ राहिली. १९९० च्या दशकापासून परदेशी मातृरोपे, गादीवाफे, ठिबक आणि प्लास्टिकचे आच्छादन यांच्या आधारे तिचे व्यापारी पिकात रूपांतर झाले. सेल्वा, चांडलर, स्वीट चार्ली, कामारोझा, विंटर डॉन ही वाणांची नावेच तिच्या प्रवासाची दिशा सांगतात. पठारावर पाऊस एवढा मोठा की दरवर्षी पावसाळ्यानंतर नवी लागवड करावी लागते. २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला.

भिलार, गुरेघर, मेटगुताड या परिसरात हिवाळ्यात पुण्या-मुंबईची कुटुंबे शेतात उतरून फळे तोडताना दिसतात. भिलार २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणूनही ओळखले जाते, त्यामुळे तेथे मुलांना घेऊन येण्यास आणखी एक निमित्त मिळाले. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. आपल्याकडे शेतावर जाऊन खाणे नवे नाही. हुरड्याला पाहुणे बोलावणे, आजोळी करवंदे-जांभळे खाणे हा आदरातिथ्याचा आणि नात्याचा भाग होता. त्याला दर नव्हता. आता हुरड्यालाही दरपत्रक आले आहे. याविषयी हळहळण्यापेक्षा, त्या दराने छोट्या शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा येतो, हे मान्य करणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

पण इंग्लंडशी येथील साम्य वरवरचे आहे. तेथे ग्राहक मजुराच्या जागी आला. येथे तो मजुराच्या शेजारी आला. पठारावर तोडणारे हात संपलेले नाहीत. सकाळच्या गारव्यात, प्रामुख्याने स्त्रिया, मुख्य तोडणी उरकतात. पूर्ण न पिकलेली फळे प्रतवारी करून, डब्यांत भरून दूरच्या बाजारपेठांकडे जातात, तर दुय्यम प्रतीचा माल जॅम-सिरपच्या कारखान्यांकडे. नाश्ता आटोपून पाहुणे येतात, तेव्हा त्यांच्यासाठी सहसा काही ओळी राखलेल्या असतात. पूर्ण लाल, सर्वांत गोड फळ त्यांनाच मिळते, कारण ते दूर पाठविण्यासारखे नसते. शेतकऱ्याचा मजुरीचा खर्च यामुळे फारसा वाचत नाही. त्याला येथे मिळतो तो चांगला किरकोळ भाव, आणि आडत व वाहतूक टळल्याचा लाभ.

या फरकामुळे इतिहासलेखनापुढे एक व्यावहारिक अडचण उभी राहते. आयलवर्थच्या टोपलीवाल्या स्त्रिया एका प्रवाशाच्या पुस्तकात आल्या, हॉप्स तोडणाऱ्या कुटुंबांना ऑर्वेल भेटला आणि पुढे त्यांच्या आठवणीही संग्रहित झाल्या. पठारावरील तोडणीवाल्या स्त्रियांची नोंद सहसा मालकाच्या हजेरीच्या वहीत असते, आणि हंगाम सरला की ती वही जपून ठेवण्याचे कोणाला कारण नसते. पर्यटकाच्या छायाचित्रात फळ असते, मुले असतात. त्या वेळी या स्त्रिया पलीकडच्या शेडमध्ये प्रतवारीला बसलेल्या असतात. व्यापारी लागवडीच्या पहिल्या वर्षांत तरुणपणी तोडणीला लागलेल्या स्त्रिया आता साठीकडे झुकल्या आहेत. कोणत्या वर्षी मजुरी किती होती, ती दिवसावर होती की पेटीवर, पहिला पाहुणा शेतात उतरला तेव्हा त्यांना काय वाटले, हे त्यांच्याकडून मिळणे अजून शक्य आहे. वाई-सातारा भागातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि समाजशास्त्र विभागांना हे काम एका हिवाळ्यात सुरू करता येईल. मुलाखती मात्र दुपारनंतर घ्याव्या लागतील, कारण सकाळी त्यांना सवड नसते.