गावच्या कलाकारांची वेबसाइट : गाणं टाकण्याआधी लिखापढी करा

कोपरखैरणे : आगरी-कोळी गावठाणांत लग्नाला धवलारीण धवले गाते, हळदीला बँजो पार्टी वाजते. ही कला वेबसाइटवर टाकायची तर आधी परवानगी घ्यावी लागते.

1957 च्या कॉपीराइट कायद्याने गीतकार-संगीतकाराचा हक्क हयातभर आणि निधनानंतर 60 वर्षं राहतो. नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार आणि सही लागतेच. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात. म्हणून मुदत आणि मोबदला आकड्यात लिहून घ्यावा.

परंपरेने आलेल्या धवल्यांवर कुणा एकाची मालकी नसते. पण गाणाऱ्या बाईचा स्वतःच्या गायनावर 50 वर्षं हक्क असतो. तिला विचारूनच रेकॉर्डिंग करावं, खाली तिचं नाव टाकावं.