संविधान दिलं कोणी, आणि परत घेऊ शकतो कोण? औंध आणि इस्तंबूल

पीएचडीच्या मुलाखतीत 'तुलनात्मक अभ्यास करायचाय' असं सांगणारे बरेच भेटतात. कशाची कशाशी तुलना, आणि नेमका कोणता प्रश्न घेऊन, हे विचारलं की गाडी अडते. म्हणून आज एक विचित्र वाटणारी जोडी घेऊ: ऑटोमन साम्राज्य आणि आपलं औंध संस्थान.

आधी इस्तंबूल. १८३९ मध्ये सुलतानाने गुल्हाने फर्मान काढून प्रजेच्या जीविताची, अब्रूची आणि मालमत्तेची हमी दिली. पुढे नामिक केमालसारखे लेखक विचारू लागले, की हमी देणाऱ्या सुलतानावर बंधन कोणाचं? यातून २३ डिसेंबर १८७६ ला संविधान आलं. त्यामागचा मुख्य माणूस मिधत पाशा. पण त्यातलं ११३ वं कलम बघा. राज्याच्या सुरक्षेला धोका वाटणाऱ्या माणसाला हद्दपार करायचा अधिकार सुलतानाकडेच राहिला. फेब्रुवारी १८७७ मध्ये याच कलमाखाली खुद्द मिधत पाशा हद्दपार झाला! वर्षभरात संसदही बंद पडली. संविधान कागदोपत्री रद्द कधीच झालं नाही. नुसतं तीस वर्षं, १९०८ पर्यंत, निजवून ठेवलं.

आता औंध. आज सातारा जिल्ह्यातलं खटाव तालुक्यातलं गाव. तेव्हा बहात्तर गावांच्या संस्थानाची राजधानी. संस्थान सलग नव्हतं. आटपाडी आणि कुंडल हे त्याचे तुकडे आज सांगली जिल्ह्यात आहेत. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये जबाबदार राज्यपद्धती जाहीर केली. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांनी गांधीजींशी बसून आराखडा केला, आणि जानेवारी १९३९ मध्ये संविधान लागू झालं. पाया गावपंचायतीचा. त्यावर तालुका, आणि तालुक्यांतून वर मध्यवर्ती सभा.

दोन्हीकडे संविधान वरून आलं. मग एक वर्षभरात का निजलं आणि दुसरं ८ मार्च १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत का टिकलं? 'राजा चांगला होता' हे उत्तर अर्धवट आहे, कारण सुलतानाने भीतीपोटी जे केलं, ते एखादा भला वारसदारही करू शकतो. माझ्या मते फरक रचनेत आहे. मिधतची संसद राजधानीत होती, दार लावलं की संपली. औंधचा कारभार गावोगावच्या चावडीवर पसरलेला होता. तो बंद करायला बहात्तर दारं लावावी लागली असती.

याला 'औंधचा प्रयोग' म्हणतात. मी सायन्सवाली, त्यामुळे हा शब्द मला जरा खुपतो. प्रयोगात बाकीचे घटक स्थिर ठेवावे लागतात. इथे तर राजाच्याही डोक्यावर इंग्रज सार्वभौम सत्ता होती आणि सगळीकडे स्वातंत्र्यलढा पेटत होता. शिवाय साधनांचं काय? अप्पासाहेबांची पुस्तकं वाचनीय आहेत, पण ती राजपुत्राच्या नजरेची. नुसत्या त्यांच्यावर प्रबंध उभा केलात तर तुम्ही देणाऱ्याचा इतिहास लिहाल, घेणाऱ्याचा नाही.

घेणाऱ्यांकडे जायची एक वाट आहे. १९४३ पासून साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. त्याचं एक मोठं केंद्र कुंडल, म्हणजे औंधच्याच हद्दीत. भूमिगतांना संस्थानी हद्दीचा आडोसा मिळाला, हे नेहमी सांगितलं जातं. पण प्रतिसरकारने गावोगाव न्यायनिवाडेही केले, आणि त्यांचं संविधान कोणीच वरून दिलेलं नव्हतं. विषय शोधत असाल तर हा घ्या: कुंडल भागात १९३९ नंतर पंचायतीत बसलेली माणसं आणि पुढे प्रतिसरकारच्या न्यायनिवाड्याला बसलेली माणसं, यांच्यात किती नावं सामाईक निघतात?