महासंगणकाचे बुद्धिबळ गृहसंगणकावर : एक ऐतिहासिक आढावा

मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे आयबीएमच्या डीप ब्लू या महासंगणकाने जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याचा ३.५–२.५ असा पराभव केला. पुढे दशकभरातच त्या तोडीचा खेळ घरातील संगणकावर उपलब्ध झाला. या स्थित्यंतराचे श्रेय सामान्यतः प्रोसेसरच्या वाढत्या वेगास दिले जाते. परंतु ते अर्धसत्य होय.

महासंगणक महाराष्ट्राला अपरिचित नव्हता. अमेरिकेकडून प्रगत यंत्रे मिळण्यात अडथळे आल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' सिद्ध झाला. १९९८ च्या 'परम १००००'ची कमाल क्षमता प्रतिसेकंद १०० अब्ज गणितक्रियांची होती. सर्वसाधारण गणनेत डीप ब्लू त्याच्या मागेच होता. त्याचे खरे सामर्थ्य केवळ बुद्धिबळासाठी घडविलेल्या ४८० चिप्समध्ये होते. त्यांच्या बळावर तो प्रतिसेकंद सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. अशा चिप्स बाजारात मिळत नव्हत्या. साहजिकच गृहसंगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांना कमी स्थिती तपासून तेच साधावे लागले.

त्यांचे प्रमुख साधन म्हणजे शोधवृक्षाची छाटणी. आपली खेळी सोडून प्रतिपक्षास सलग दोन खेळ्या दिल्या, तरीही आपली स्थिती भक्कम राहत असेल, तर ती फांदी अधिक खोल तपासण्याचे कारण उरत नाही. डीप ब्लूने ही युक्ती वापरली नव्हती, ही बाब लक्षणीय आहे. छाटणीचा परिणाम आकड्यांतून स्पष्ट होतो. २००६ मध्ये बॉन येथे क्रामनिकला ४–२ असे हरविणारा डीप फ्रिट्झ प्रतिसेकंद सुमारे ८० लाख स्थिती पाहत होता. २००९ मध्ये ब्युनोस आयर्सच्या स्पर्धेत १० पैकी ९.५ गुण मिळविणारा पॉकेट फ्रिट्झ ४ तर मोबाईल फोनवर चालत होता आणि २०,००० हूनही कमी स्थिती तपासत होता.

भारतीयांना याची चाहूल आधीच लागली होती. १९९८ मध्ये इटलीतील इस्किया येथे रेबेल या गृहसंगणकीय आज्ञावलीने विश्वनाथन आनंदवर ५–३ अशी मात केली. मात्र त्यातील दीर्घ कालावधीच्या दोन डावांत आनंदच १.५–०.५ असा सरस ठरला. छाटणीतील उणिवा तेव्हा झटपट डावांत झाकल्या जात होत्या, असे म्हणण्यास जागा आहे.

२००८ मध्ये स्टॉकफिश मुक्त स्रोत स्वरूपात आले. २०२० मध्ये त्यास जोडलेले न्यूरल जाळे साध्या प्रोसेसरवरच चालते. कोलशेतमधील सदनिकेतला विद्यार्थी आज जी आज्ञावली विनामूल्य वापरतो, तीच जगज्जेतेही वापरतात. प्रवीण ठिपसे १९९७ साली महाराष्ट्राचे पहिले ग्रँडमास्टर झाले. त्यांच्या पिढीस छापील डावसंग्रहांवर विसंबावे लागे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तोवर गृहसंगणक हाच प्राथमिक सहाय्यक झालेला होता. तरीही विषमता पुरती सरलेली नाही. अव्वल खेळाडू शोध अधिक खोल नेण्यासाठी शक्तिशाली यंत्रे दूरस्थ भाड्याने घेतात आणि आज्ञावलीने सुचविलेल्या खेळीमागचे कारण उलगडून सांगणारा प्रशिक्षक आजही पैसे मोजूनच मिळतो.