शब्दांची साक्ष : व्हायकिंगकालीन समाजाचे दैनंदिन जीवन, श्रद्धा आणि सागरसंचार

इ. स. ७९३ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्नच्या मठावर समुद्रमार्गे आलेल्या टोळीने हल्ला केला. मठ लुटला गेला, काही साधू मारले गेले व काहींना पकडून नेण्यात आले. शार्लमेनच्या आश्रयास असलेल्या आल्क्विन या विद्वानाने या घटनेविषयी लिहिलेली शोकपत्रे आज उपलब्ध आहेत. व्हायकिंग युगाचा आरंभ या वर्षापासून मोजण्याचा जो प्रघात पडला, त्याचे मूळ अशा पत्रांत व मठांतून लिहिल्या गेलेल्या वार्षिक वृत्तांतांत आहे. म्हणजे ज्यांच्यावर घाला पडला, त्यांची साक्ष इतिहासाने प्रथम नोंदविली. दुसरी मोठी साक्ष आइसलंडमधील सागा वाङ्मयाची होय. परंतु हे वाङ्मय बहुतांशी तेराव्या शतकात, म्हणजे तेथील लोक ख्रिस्ती झाल्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, लेखनिविष्ट झाले. एक साक्ष शत्रूची आणि दुसरी दूरच्या वंशजांची. या दोहोंच्या मध्ये त्या लोकांचे स्वतःचे म्हणणे कोठे आढळते काय? शिळांवर कोरलेले लेख, गावांना दिलेली नावे आणि शेजाऱ्यांच्या भाषांत रुजलेले शब्द या तीन ठिकाणी ते आढळते. या साक्षीने व्हायकिंगकालीन समाजाचे चित्र कितपत पालटते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम 'व्हायकिंग' या शब्दाचाच विचार करू. प्राचीन नॉर्स भाषेत 'व्हीकिंग्र' म्हणजे लुटीसाठी वा स्वारीसाठी समुद्रावर निघालेला पुरुष, आणि 'व्हीकिंग' हे स्त्रीलिंगी नाम म्हणजे तशी मोहीम. आपल्याकडील 'मुलूखगिरीस जाणे' या प्रयोगाने हा अर्थ बराचसा व्यक्त होतो. 'व्हीक' म्हणजे खाडी या शब्दापासून त्याची व्युत्पत्ती सांगण्यात येते. परंतु 'चाचा' या अर्थी हा शब्द प्राचीन इंग्रजीतील शब्दसंग्रहांत लिंडिसफार्नच्या घटनेपूर्वीच नोंदलेला असल्याने तो स्कँडिनेव्हियातच घडला, असे खात्रीने म्हणता येत नाही. ते कसेही असो. हे नाव उद्योगाचे आहे, लोकांचे नव्हे. मनुष्य काही काळ व्हायकिंग असे आणि घरी परतला की शेतकरी होई. एका उद्योगाचे नाव संपूर्ण समाजास चिकटविल्यामुळे त्या समाजाचा मोठा भाग आपल्या दृष्टीआड झाला आहे.

तो भाग शिलालेखांत दिसू लागतो. रून लिपीची प्राचीन वर्णमाला चोवीस चिन्हांची होती. व्हायकिंग काळात ती सोळांवर आली. एका चिन्हाने अनेक ध्वनी दर्शवावे लागत असल्याने या लेखांचे वाचन कष्टाचे झाले आहे. स्वीडनमध्ये त्या काळच्या अडीच हजारांच्या आसपास शिळा असून त्यांतील जवळजवळ निम्म्या एकट्या उपलांड प्रांतात आहेत. त्या बहुतेक अकराव्या शतकातील होत. 'अमुकाने आपल्या बापाच्या, मुलाच्या किंवा पतीच्या स्मरणार्थ ही शिळा उभारली', असा मजकुराचा सांगाडा ठरलेला असतो. परदेशगमनाचा उल्लेख असलेल्या शिळा त्यांत थोड्याच.

या शिळांपैकी दोन येथे विशेष विचारात घेण्याजोग्या आहेत. वेस्टमनलांड प्रांतातील हास्मीरा येथील शिळा होल्मगाऊट नावाच्या शेतकऱ्याने आपली पत्नी ओडिन्डिसा हिच्यासाठी उभारली. शेतीघर सांभाळणारी तिच्यापेक्षा चांगली गृहिणी हास्मीराला पुन्हा येणार नाही, असा तिच्या लेखाचा आशय आहे. उपलांडमधील हिलेरशो येथील लेख याहून दीर्घ असून त्याचा आरंभच वाचकास 'वाच, अर्थ लाव' अशी आज्ञा देऊन होतो. गेर्लोग या स्त्रीचा पहिला पती बुडून मेला, पाठोपाठ मुलगाही गेला. दुसऱ्या पतीपासून झालेल्या मुलांत इंगा ही एकटी मुलगी जगली. इंगाचा विवाह झाला. तिचा पती व मुलगा वारल्यावर मुलाची मालमत्ता तिला मिळाली. तिने पुन्हा विवाह केला आणि ती वारल्यावर तिची मालमत्ता आई गेर्लोगकडे आली. मृत्यूंची ही मालिका म्हणजे वस्तुतः वारसाहक्काचा दस्तऐवज आहे. मुलाकडून आईकडे आणि मुलीकडून आईकडे मालमत्ता जाऊ शकत होती, ही गोष्ट त्यावरून निर्विवाद सिद्ध होते. कोणत्याही सागेने हे इतक्या थोडक्यात सांगितलेले नाही.

स्थलनामांची व उसन्या शब्दांची साक्ष याच दिशेची आहे. इ. स. ८६५ मध्ये इंग्लंडात उतरलेल्या मोठ्या सैन्यातील हाल्फडान या सरदाराने ८७६ मध्ये नॉर्थंब्रियाची जमीन वाटून दिली आणि त्याचे लोक नांगरणी करून पोट भरू लागले, अशी नोंद खुद्द अँग्लो-सॅक्सन वृत्तांतात आहे. ग्रिम्सबी, व्हिटबी, डर्बी यांसारख्या नावांतील 'बी' हा अंत्यावयव नॉर्स भाषेत वस्ती किंवा गाव या अर्थाचा आहे. डर्बीचे आधीचे नाव नॉर्थवर्दी असे होते. लुटारू गावांना नावे देत नाहीत. नावे देतात ते तेथे राहणारे. इंग्रजी भाषेने या लोकांकडून उचललेले शब्दही पाहावेत. 'लॉ' म्हणजे कायदा. 'एग' म्हणजे अंडे. 'हजबंड' हा मूळचा घरधनी. 'विंडो' म्हणजे मूळ अर्थाने वाऱ्याचा डोळा. आपल्या 'गवाक्ष' शब्दातही असाच डोळा आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे 'दे' हे तृतीय पुरुषाचे बहुवचनी सर्वनामही तिकडूनच आले. वस्तूंची नावे बाजारातून येतात. सर्वनामे सहसा बाहेरून येत नाहीत. दोन समाज एका गावात, एका अंगणात आणि पुष्कळदा एका घरात पिढ्यानपिढ्या बोलत राहिले, याचेच हे द्योतक होय.

घराचे स्वरूप उत्खननांनी स्पष्ट केले आहे. लांबट घर, मध्ये चूल, दोन्ही भिंतींलगत बसण्या-झोपण्याचे ओटे, अनेक ठिकाणी त्याच छपराखाली एका टोकास गुरे. सातू व ओट ही धान्ये, दूधदुभते आणि सुकविलेले मासे हा आहार. भिंतीशी टेकवून उभा केलेला माग आणि ताण्याचे दोरे ताठ राहावेत म्हणून त्यांना बांधलेली वजने जवळजवळ सर्वत्र सापडतात. या मागाचा सागरसंचाराशी निकटचा संबंध आहे. जहाजांची शिडे पुष्कळदा लोकरीची असत. मोठ्या जहाजाच्या एका शिडासाठी सूत काढणे व विणणे हे अनेक माणसांना कित्येक महिने पुरणारे काम होते, असे आधुनिक प्रयोगांवरून दिसून आले आहे. ज्या जहाजांनी मठ लुटले त्यांना गती देणारे कापड घरातील स्त्रियांनी विणले होते.

श्रद्धांच्या बाबतीत शब्दांची साक्ष अधिकच उद्बोधक ठरते. 'धर्म' या संप्रदायवाचक अर्थाचा शब्द त्या भाषेत नव्हता; 'सिद्र' म्हणजे रूढी किंवा रीत हाच शब्द वापरीत. ओडिन, थोर इत्यादी देवतांच्या ज्या कथा आज सर्वपरिचित आहेत, त्या मुख्यतः स्नॉरी स्टुर्लूसन या ख्रिस्ती विद्वानाने सुमारे १२२० मध्ये रचलेल्या 'एड्डा' ग्रंथातून आल्या आहेत. या ग्रंथात उल्ल या धनुर्धर देवाला जेमतेम काही ओळी मिळाल्या आहेत. परंतु मध्य स्वीडन व आग्नेय नॉर्वे येथे उल्लचे नाव धारण करणारी स्थळे विपुल आहेत. उलट आइसलंडात थोरच्या नावाची स्थळे अनेक असली तरी ओडिनच्या नावाची जवळजवळ नाहीत. यावरून ग्रंथातील देवमंडळ आणि लोकांनी प्रत्यक्ष पूजलेली दैवते यांत अंतर होते, हे मान्य करावे लागते. ट्यूर या देवाचे नाव तर आपल्या 'देव' शब्दाचे सहोदर आहे. त्याचे अनेकवचन नॉर्स काव्यात 'देवगण' या सामान्य अर्थीच येते.

धर्मांतरही ग्रंथांतून भासते तितके तीव्र नव्हते. डेन्मार्कमधील ट्रेंडगार्डेन येथे सापडलेल्या एका दगडी साच्यात थोरचा हातोडा व ख्रिस्ती क्रूस हे दोन्ही ओतण्याची सोय आहे. कारागिराला दोन्ही गिऱ्हाइके हवी होती. आइसलंडच्या लोकसभेने इ. स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा घोड्याचे मांस खाण्याची व गुप्तपणे बळी देण्याची मोकळीक काही काळ ठेवण्यात आली होती.

आता सागरसंचाराकडे वळू. बायझंटाइन सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याने दहाव्या शतकाच्या मध्यास लिहविलेल्या ग्रंथात नीपर नदीवरील धबधब्यांची नावे 'रूस' व स्लाव्ह अशा दोन भाषांत दिली आहेत. त्यांपैकी 'आइफॉर' हे रूस भाषेतील नाव आहे. बाल्टिक समुद्रातील गॉटलंड बेटावरील पिल्गॉर्ड येथील शिळेवर, राव्हन नावाच्या भावाच्या स्मरणार्थ कोरलेल्या लेखात, 'आइफुर' हेच नाव आढळते. सम्राटाचा ग्रंथ आणि खेडुतांची शिळा यांनी एकमेकांस न पाहता एकच गोष्ट सांगितली आहे. याच बेटावर स्पिलिंग्ज येथे १९९९ मध्ये सापडलेल्या निधीत सुमारे ६७ किलो चांदी व चौदा हजारांहून अधिक नाणी असून ती बहुतेक अरबी आहेत. स्वीडनमधील हेल्गो येथे तर १९५६ मध्ये भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात घडविलेली बुद्धाची लहानशी कांस्यमूर्ती मिळाली. त्यावरून स्वीडनच्या व्यापाऱ्यांनी भारत पाहिला होता असे ठरत नाही. व्यापाराचे मार्ग एकमेकांस जुळलेले होते, एवढेच ठरते.

पश्चिमेकडे आइसलंडची वसाहत सुमारे ८७० पासून, ग्रीनलंडची सुमारे ९८५ पासून झाली. त्यापलीकडील 'व्हीनलांड' या भूमीविषयी एक वाद बराच गाजला. पहिला स्वर दीर्घ घेतला तर अर्थ 'द्राक्षांचा देश', ऱ्हस्व घेतला तर 'कुरणांचा देश'. परंतु नॉर्समध्ये ऱ्हस्व-दीर्घाने शब्द बदलतो, जसे आपल्याकडे 'दिन' व 'दीन' हे भिन्न शब्द आहेत. शिवाय कुरणवाचक शब्द त्या काळी केवळ जुन्या स्थलनामांत उरला होता, आणि सुमारे १०७५ मध्ये लिहिणाऱ्या ब्रेमेनच्या अॅडमनेही द्राक्षांचाच अर्थ दिला आहे. तेव्हा द्राक्षांचा पक्ष ग्राह्य मानला पाहिजे. १९६० मध्ये हेल्गे व आन स्टीन इंगस्टाड या दांपत्याने न्यूफाउंडलंडमधील लान्स ओ मेडोज येथे शोधलेल्या वस्तीत, इतक्या उत्तरेस न उगवणाऱ्या अक्रोडाच्या एका जातीची फळे मिळाली. म्हणजे तेथील लोक आणखी दक्षिणेस, रानद्राक्षांच्या प्रदेशाकडे जात होते. तेथील लाकूड १०२१ साली तोडले गेले, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने निश्चित केले. त्याच वस्तीत सूत कातण्याच्या चातीची एक दगडी चकतीही सापडली. हास्मीराच्या घरातील उद्योग महासागर ओलांडून येथवर पोचला होता.

तथापि या साक्षीची मर्यादा ध्यानात ठेवणे अवश्य आहे. शिळा उभारण्यास जमीन व चांदी लागते. दासांनी आपल्या शिळा उभारल्या नाहीत. 'थ्राल' म्हणजे दास हा शब्द इंग्रजीत उरला, ज्यांना तो लावला गेला त्यांचे शब्द उरले नाहीत. आइसलंडच्या आजच्या लोकसंख्येच्या आनुवंशिक अभ्यासावरून तेथील आद्य स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक ब्रिटिश बेटांतून आलेल्या होत्या असे दिसते. पुरुष मात्र बहुतांशी स्कँडिनेव्हियाचे होते. त्या स्त्रियांतील कित्येक स्वेच्छेने आलेल्या नसाव्यात. त्यांच्या मातृभाषेचे मोजकेच शब्द आइसलंडच्या भाषेत शिल्लक आहेत. म्हणून आल्क्विनची साक्ष खोटी ठरत नाही. ती अपुरी ठरते, आणि शिळांचीही तशीच. गेर्लोगने आपला वारसा दगडावर लिहून ठेवला आणि वाचकास अर्थ लावण्याची आज्ञा केली. ज्यांना लिहिता आले नाही त्यांच्या मौनाचा अर्थ लावण्याचे कामही त्या आज्ञेत अंतर्भूत आहे, असे अभ्यासकाने मानले पाहिजे.